पेवातला मेंढा

डोळ्यांत थेंब टाकून नर्स बजावून गेली होती, "अर्धा तास डोळे मिटून बसायचं, मावशी. उघडले तर पुन्हा पहिल्यापासून." ब्राह्मी मगदूम ही सांगितलेलं ऐकणारी बाई. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि "बाई, मी नकाशा आणला होता, पण..." असं कुणी सुरू केलं की बाईंचं वाक्य ठरलेलं: "खरं बोल, म्हणजे मला पुन्हा विचारावं लागणार नाही." तर अशी ही बाई सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि पर्समध्ये फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, मग सलग चारदा. जिनेंद्रच असणार. धाकट्या भावानं हरिपूरच्या जागेत घराचा पाया काढायला घेतल्यापासून दिवसाला वीस फोटो यायचे: जेसीबीचा फोटो, जेसीबीला बांधलेल्या लिंबू-मिरचीचा फोटो, खड्ड्याचा फोटो, खड्ड्याशेजारी पोट आत ओढून उभ्या असलेल्या स्वतःचा फोटो. बघू मागाहून, असं ती मनाशी म्हणाली, पण हात काही ऐकेना. तिनं एक डोळा किलकिला केला. सगळा दवाखाना दुधात बुडाल्यासारखा दिसत होता. फोनवर काळी माती होती आणि मातीवर चार लकाकत्या रेघा. बस्स, एवढंच. दुसऱ्या कुणाला ते पडद्याचे गज वाटले असते. ब्राह्मीनं मात्र फोन हातभर लांब धरला. सगळ्यात लांब रेघ टोकाला किंचित खाली वळली होती. ती ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची पट्टी. तिच्याखालची आखूड, ती मागच्या मडगार्डची. हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाराव्या वर्षी तिनं त्या रॉकेलच्या बोळ्यानं पुसून एकेक करून ओळीनं मांडल्या होत्या.

तिनं डोळा मिटला. मिटल्यावर जास्तच स्वच्छ दिसायला लागलं. अण्णांचं गॅरेज, म्हणजे तिच्या वडिलांचं, जवाहर मगदूमांचं; पत्र्याची लांबलचक शेड, आत तेलानं काळी झालेली जमीन, आणि मधोमध साताऱ्याच्या डॉक्टरांची डॉज. रंगाला आलेली. रंगाला आलेल्या गाडीचं आधी सगळं क्रोम उतरवतात: दारांच्या पट्ट्या, हेडलाइटच्या रिंगा, चाकांच्या कॅपा, बॉनेटवरचा डॉजच्या खुणेचा, शिंगं वळवलेला मेंढा. उतरवल्यावर ती एवढी मोठी गाडी कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती, आणि ब्राह्मी हसली होती, आणि गुंडा मेस्त्री म्हणाला होता, "हसू नगा ताई. दिवाळीला बघा, नवरा निघल ह्यो नवरा." गुंडा हा माणचा माणूस. दहिवडीकडचा, बापजाद्यांची मेंढरं. पण हातात असा गुण की पोचे काढलेल्या जागेवरून कुणी तळवा फिरवला तर इथं कधी ठोकर लागली होती हे ब्रह्मदेवाला कळू नये. तेव्हा तिशीच्या आतबाहेरचा असेल. अण्णा त्याला धाकटा भाऊ म्हणायचे, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. सणाला गुंडाच्या बायकोला, साळूबाईला, चंदनबालाच्या हातचा डबा जायचा. चंदनबाला म्हणजे ब्राह्मीची आई, जी दिवस मावळायच्या आत चूल विझवायची आणि ज्या घरात खोटं बोललं जातं त्या घरातलं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणायची.

फोन पुन्हा थरथरला. आता फोटो नव्हता, कॉल होता. तिनं चाचपडत कानाला लावला.

"अक्का, बघितलंस का? काय असंल गं हे? ट्रकच्या ट्यूबा कापून त्यात घातलेलं निघालं. जेसीबीवाला म्हणतोय मोटारीचं हाय. मी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर तिथं नुसती जुंपल्या! एक म्हणतोय शेवरलेट, एक म्हणतोय प्लायमाउथ, एक शहाणा म्हणतोय लग्नाच्या बँडचं सामान. अण्णांच्या गॅरेजात सारखी तूच असायचीस. तुला काय वाटतं?"

"अँबॅसडरच्या असतील," ब्राह्मी म्हणाली. "भंगार असेल रे. देऊन टाक."

हे वाक्य इतकं सरळ, इतकं बिनघोर आलं की तिची तीच दचकली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला खोटं बोलायला एक श्वाससुद्धा थांबावं लागलं नाही! शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंना ऐकू गेलं असेल की काय, असं उगाच वाटलं.

"आणि निघालं कुठं?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं. माहीत होतं.

"आपलं ते तिसरं पेव न्हाई का, पुरात बसलेलं? त्याच्या तळाला. पाल्याच्याबी खाली. थांब, अजून एक वस्तू हाय, पुसून फोटो पाठवतो."

तिसरं पेव. हरिपूरच्या मातीत खोल रांजणासारखी पेवं खणायची, तळाला नि कडेला उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत वारा नाही, कीड नाही, ओल नाही. वर्षं गेली तरी हळद जशीच्या तशी. थोरले काका तो धंदा बघायचे. पेव एकदा लिंपलं की भाव आल्याशिवाय उघडायचं नाही, मग साक्षात देव दारात येऊन उभा राहिला तरी. मध्येच उघडलं, हवा लागली, की सगळा माल गेला. आणि उघडल्यावरही लगेच कुणी आत उतरायचं नाही. दोन-चार तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा, कंदील जळत राहिला तर माणूस. ब्राह्मी नऊ वर्षांची असताना दोन हमाल घाईनं उतरले आणि वर आले ते उचलूनच. त्या दिवशी चंदनबालानं लेकीला देवापुढं उभं केलं आणि पार्श्वनाथाच्या पायाची शपथ घ्यायला लावली: पेवाच्या वाटेला जाणार नाही. ब्राह्मीनं घेतली. तीन वर्षं पाळलीसुद्धा.

मग तो वैशाख. अण्णा रंग आणायला मुंबईला गेलेले. त्याच आठवड्यात शेजारच्या गॅरेजचं कुलूप फोडून कुणी बॅटऱ्या नेल्या, आणि गुंडानं ठरवलं की डॉक्टरांचं क्रोम पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं नाही. ते त्या काळीसुद्धा सहजासहजी मिळत नव्हतं. गेलं म्हणजे गेलंच. तिसऱ्या पेवात दुसऱ्या दिवशी हळद पडणार होती. मेस्त्रीचं डोकं! हळद जितं किडत न्हाई तितं क्रोम कशाला गंजतंय, आणि चोर तर सात जन्मात पोचणार न्हाई. दिवाळीला गाडी द्यायची, दसऱ्याला पेव उघडंल, हाय काय आन न्हाय काय. त्यानं पट्ट्यांना ग्रीस चोपडलं, ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून एकेक आत सरकवली, पोतं खांद्यावर टाकलं आणि निघाला. ब्राह्मी मागोमाग. "ताई, तुमी घरी जा." "मी नुसता कंदील धरते, मेस्त्री. नुसता कंदील." लहानपणी माणूस 'नुसतं' म्हणून किती वाटा चालतो! तिनं वरून कंदील धरला. तो शिडीनं उतरला, तळाचा पाला उचलला, पोतं खाली सारलं. मेंढा मात्र तिनं अडवून ठेवला होता. "तुमच्या मेंढरांना घंटा असते ना, मग ह्याला नको?" म्हणून तिनं आपल्या पैंजणाचं एक घुंगरू तोडून, तांब्याच्या तारेनं त्याच्या गळ्यात बांधलं, नि मग मेंढा खाली सोडला. गुंडा वर बघून हसला. खालून त्याचे दात तेवढे दिसत होते. "बरं हाय. हरवला तर आवाज यील," तो म्हणाला. उन्हाळ्याची दुपार होती, आणि पेवाच्या तोंडातून थंडगार, ओल्या कांबळ्याचा वास येत होता. तिला इतकं सुख झालं होतं की ती शपथ वगैरे पार विसरून गेली होती.

अण्णा आले, आणि मागोमाग डॉक्टरांचा निरोप: मुलीचं लग्न ठरलं, ज्येष्ठात आहे, गाडी तेवढी आधी द्या. क्रोम कुठंय? गुंडा म्हणाला, पेवात. पेव तर लिंपून झालं होतं. ओसरीवर थोरले काका, अण्णा, दोन व्यापारी, आणि खाली अंगणात गुंडा. काका म्हणाले, एका पोत्यासाठी चौघांची हळद मी उघड्यावर टाकू? आणि कशावरून? ह्याच्या तोंडच्या शब्दावरून? बघितलं कुणी? गुंडा म्हणाला, "ब्राह्मीताई हुत्या की तितं. कंदील त्यांनीच धरला." सगळे वळले. आई दाराच्या चौकटीत उभी होती. अण्णा मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, होतीस तू तिथं? आमची ब्राह्मी खोटं बोलत नाही. ती सांगेल ते खरं." ह्याच्याइतकी वाईट गोष्ट कुणी तिच्याविषयी कधी बोललं नव्हतं. तिला शपथ आठवली, आईचा चेहरा दिसला, आणि आवाज आला तो कुणा दुसऱ्याच मुलीचा: "मी तिथं नव्हते." गुंडानं तिच्याकडे बघितलं. एकदाच. आणि गप्प बसला. भांडला असता, आरडाओरडा केला असता, तर कदाचित तिला रडू फुटलं असतं आणि सगळं सांगून मोकळी झाली असती. पण तो बोललाच नाही. गप्प बसणारा गुन्हेगारच, एवढा हिशोब ओसरीवर सगळ्यांना येत होता. डॉक्टरांची डॉज लग्नाला तशीच बोडकी गेली. सांगली-मिरजेच्या एकाही गॅरेजनं गुंडाला दारात उभं केलं नाही. तो बायकोला घेऊन माणला निघून गेला, आणि अण्णांनी त्यानंतर कुणाला भाऊ म्हटलं नाही. पाचसहा वर्षांत गॅरेजसुद्धा बंद करून टाकलं.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट हे नव्हतंच. सगळ्यात वाईट होतं तीन वर्षांनी, भाव आल्यावर पेव उघडलं तो दिवस. ब्राह्मी पंधरा वर्षांची. सकाळपासून ती लिंबाच्या सावलीला उभी. पाटीमागून पाटी हळद वर येत होती. शेवटी हमाल ओरडला, "तळ लागला!" काकांनी वाकून बघितलं. "बघा. पाला तेवढा राहिलाय. मी म्हणत नव्हतो?" तळाचा पाला कोरडा असला की हलवत नाहीत, त्याच्यावरच नवा घालतात, ही तिकडची रीत. पाल्याखाली बघा. एवढे दोनच शब्द! पण ते बोलायचे तर तुला कसं ठाऊक, ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तिनं मूग गिळले. आणि मग मन म्हणजे काय चीज असते बघा: त्या दिवसापासून तिला हळूहळू वाटायला लागलं की नव्हतंच काही. असतं तर निघालं नसतं का? गुंडानं रातोरात काढून नेलं असणार. पुढं वाटायला लागलं, आपण गेलोच नव्हतो. कंदील, घुंगरू, खालून दिसलेले दात, हे सगळं ताप आलेल्या पोराला दिसतं तसलं काहीतरी. सेहेचाळीस वर्षांत तिनं ती दुपार इतक्या वेळा धुतली की रंगच राहिला नाही. नि त्याच जोरावर ती वर्गात उभी राहून पोरींना खरं बोलायला सांगत होती.

"मावशी, चला, डॉक्टरांनी बोलावलंय." नर्सनं दंड धरला. आत डॉक्टरनं डोळ्यांत झगझगीत उजेड सोडला, वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा. "मोतीबिंदू सुरू होतोय. घाई नाही," तो म्हणाला. बाहेर आल्यावर तिनं रिक्षा केली ती घराकडं नाही, हरिपूरकडं. जिनेंद्रचा नवा फोटो तिनं उघडलाच नव्हता. वाटेत एक वेडी आशा होती: दुसरी गाडी असेल. त्या काळी तसल्या पट्ट्यांच्या गाड्या काय थोड्या होत्या? जग भरलं होतं क्रोमनं. प्लायमाउथ असू दे. बँडचं सामान असू दे, देवा!

जिनेंद्रनं सगळं सतरंजीवर मांडून ठेवलं होतं आणि आजूबाजूला चार माणसं गोळा केली होती. ब्राह्मीनं वाकून एकेक उचललं. डोळे अजून धूसर होते, पण बोटांना काय त्याचं! ही पुढच्या दाराची. ही रिंग डावीकडची, हिला आतून ठोकून सरळ केलेली खूण आहे. मग जिनेंद्रनं दोन्ही हातांनी मेंढा पुढं केला. "ह्याच्यावर तर समदे गार पडल्यात बघ, अक्का. डॉज म्हणून ठरलं एकदाचं. पर गळ्यात हे काय? एक पुण्याचा म्हणतोय, असला मेंढा त्यानं जन्मात बघितला न्हाई, ही राजेरजवाड्यांची खास ऑर्डर असणार." काळपट, हिरवं पडलेलं घुंगरू तारेला लोंबकळत होतं. तिनं हलवलं. आवाज आला नाही, आत माती भरली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि सगळ्यांना वाटलं, थेंबांमुळं.

"म्हणजे मेस्त्री खरं बोलत हुता की गं!" जिनेंद्र म्हणाला. तो तेव्हा पाच वर्षांचा. त्याला सगळं ऐकून माहीत. "आरारा. अण्णांनी हाय खाल्ली त्याच्यापायी. पर मला एक सांग, तुझं नाव कशाला घेतलं त्यानं? घाबरला असंल. तू तर नव्हतीस. तू कुठं खोटं बोलणार!" आणि तो निर्मळपणे हसला. ब्राह्मीनं मेंढा पदरानं पुसला. मग म्हणाली, "हा मेंढा मी नेते."

मिरज रोडवर साईराज म्हणून रंगकाम करणारा आहे, त्याच्या वडिलांनी गुंडाच्या हाताखाली काम केलेलं. त्याच्याकडून गाव कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विटा, मायणी करत एसटीनं ती निघाली. ऊस संपला, मग ज्वारी संपली, मग नुसते माळ आणि माळावर मेंढरं. वाक्यं ती शाळेतल्या पाठासारखी तयार करत होती. मेस्त्री, माझ्या हातून त्या वयात एक चूक. छे. मेस्त्री, मी आज तुमच्याकडे. छे, छे! फाट्यावर उतरून ती दीड मैल चालली तेव्हा एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

घर दोन खणांचं, पुढं मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, लावलेली. म्हातारा बाजेवर बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. हात तेच. बाकी काही ओळखू येत नव्हतं.

"कुठल्या म्हणायच्या, बाई?"

"सांगली. जवाहर मगदूमांची मुलगी. ब्राह्मी."

त्यानं कोकरू खाली सोडलं, अंगावरची घोंगडी झटकून बाजेवर अंथरली. "बसा. अण्णा?"

"जाऊन बावीस वर्षं झाली."

"आरारा." त्यानं मान हलवली. "लय द्येवमाणूस."

तिनं पिशवीतून मेंढा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं डोळे बारीक केले नाहीत, जवळ धरला नाही. अंगठा नुसता शिंगांवरून फिरवला. "डॉज," तो म्हणाला. "पेव काढलं व्हय?"

"हो."

"तळाला हुतं?"

"पाल्याखाली."

"म्हंजी मी ठिवलं तितंच." त्याच्या चेहऱ्यावर कारागिराचं समाधान आलं, आणि ते बघवेना. "ट्यूब टिकली असंल. टरकाची हुती. लय भारी रबर."

"मेस्त्री," ब्राह्मी म्हणाली, "मी तिथं होते."

"आता ते मला कशाला सांगताय? मी बी तितंच हुतो की."

तिला हसू आलं आणि हुंदका आला, दोन्ही एकदम. "मग तेव्हा भांडला का नाहीत? माझा हात धरून विचारलं का नाहीत?"

"तुमचं तोंड बघितलं. पोर लय भेली हुती. म्हटलं, मारत्याली हिला. दसऱ्याला पेव उघडंल, तवा समदं आपसूक नीट हुईल." तो मेंढ्याकडं बघत होता. "दसरा गेला. मग मी बी मोटारीला हात लावला न्हाई. ऱ्हाऊ द्या. माझं काय न्हाई. तुमाला सांगायचंच आसंल तर तिला सांगा."

त्यानं मानेनं दाखवलं. ओट्याच्या कडेला एक म्हातारी जोंधळ्याची कणसं चोळत बसली होती. तिनं अजून वर बघितलं नव्हतं.

"साळूबाई?"

"तिला वाटतं मी इकलं ते. सांगलीस्नं आलो त्या दिसापास्नं. द्येवाला हात लावून सांगितलं, पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं. तिचं एकच: जैनाची पोर, मगदुमांची लेक, ती कशाला खोटं बोलंल? रांधून घातलं, दुकलंखुपलं बघितलं, समदं क्येलं तिनं. पर ते एक न्हाई ते न्हाईच." त्यानं आवाज खाली आणला, जणू तिला ऐकू जाईल. "मोठ्यानं बोला. दोनी कान गेल्यात."

ब्राह्मी उठून ओट्याशी गेली, उकिडवी बसली. "साळूबाई, मी ब्राह्मी. सांगलीची. मी तेव्हा तिथं होते."

म्हातारीनं वर बघितलं. "काय म्हंती ही?"

"मी तिथं होते! पेवावर! मेस्त्रींनी चोरलं नाही!"

"आँ?" साळूबाईनं कानाशी हात धरला. "काय चोरलं?"

शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. वाटेनं जाणारा मोटारसायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. ओसरीवर चार माणसांपुढं जे तीन शब्द पुटपुटले होते, ते परत घ्यायला आता अख्खी गल्ली जमत होती, आणि ब्राह्मीच्या ध्यानात आलं की हळू आवाजात हे होणारच नाही. तिनं श्वास भरला आणि जन्मात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली, "मी खोटं बोलले! मी! मेस्त्री खरं सांगत होते! माल पेवातच होता, मी डोळ्यांनी बघितला होता! मी खोटं बोलले, साळूबाई!"

कोकरू बावरून पळालं. साळूबाईचे हात कणसावर थांबले. ऐकू गेलं होतं. ती ब्राह्मीच्या तोंडाकडं बघत राहिली, मग तिच्या खांद्यावरून बाजेकडं, जिथं गुंडा मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. ब्राह्मीनं तिचे पाय धरले. "मला माफ करा. बारा वर्षांची होते मी."

म्हातारीनं तिचे हात पायांवरून काढले, बाजूला ठेवले.

"तुमी बारा वर्साच्या हुता, बाई," ती म्हणाली. "मी त्येची बायकू हुते."